द्राक्षबीज अर्क: कीर्ती आणि कसोटी

द्राक्षांचा रस किंवा मद्य काढून झाल्यावर साली, देठ आणि बिया यांचा जो चोथा उरतो, त्याची विल्हेवाट कशी लावायची हा युरोपातल्या द्राक्षमळ्यांच्या प्रदेशांत फार जुना प्रश्न होता. त्यातून हलक्या प्रतीची दारू गाळली जाई, काही भाग जनावरांपुढे जाई, काही खत म्हणून पुन्हा मळ्यात पडे आणि विसाव्या शतकात बियांपासून तेल काढण्याचा उद्योगही उभा राहिला. बीमध्ये तेल साधारण १० ते १५ टक्के असते; पण पुढे ज्या द्रव्यामुळे बीला औषधी कीर्ती मिळाली, ते तेलात विरघळत नाही आणि तेल गाळून झाल्यावरच्या पेंडीत शिल्लक राहते. म्हणूनच द्राक्षबीजाचे तेल आणि द्राक्षबीजाचा अर्क हे दोन अगदी वेगळे पदार्थ आहेत, जरी बाजारात दोहोंचे गुण सर्रास एकमेकांच्या खात्यावर मांडले जात असले तरी. अर्क पाणी, अल्कोहोल किंवा तत्सम द्रावकाने काढला जातो, आणि त्यात उतरतात ती बीच्या कडू-तुरट चवीला कारणीभूत असणारी फिनॉल वर्गाची द्रव्ये. द्राक्षातून काढता येण्याजोग्या अशा द्रव्यांपैकी ६० ते ७० टक्के बियांत असतात, उरलेली बहुतेक सालीत, तर खाणारा ज्या गरासाठी द्राक्ष खातो त्यात जेमतेम एक दशांश.

या द्रव्यांचे मूळ कुळ टॅनिनांचे, म्हणजे ज्यांच्या बळावर कातडे कमावले जाते त्या वनस्पतिज पदार्थांचे. हिरड्याने किंवा बाभळीच्या सालीने कातडे टिकाऊ होते, कारण टॅनिनाचे रेणू कातड्यातल्या कोलॅजेन या तंतुमय प्रथिनाला घट्ट बांधून ठेवतात; द्राक्षाची बी चावली असता तोंड आवळल्यासारखे होते तेही लाळेतल्या प्रथिनांशी होणाऱ्या अशाच बंधामुळे. द्राक्षबीजातल्या टॅनिनांचा सर्वांत लहान घटक म्हणजे कॅटेचिन आणि त्याचे भावंड एपिकॅटेचिन. कॅटेचिन रसायनशास्त्राला प्रथम सापडले ते खैराच्या कातात, म्हणजे विड्याच्या पानाला लावल्या जाणाऱ्या आणि कोकणातल्या कातकरी समाजाचा कधीकाळी मुख्य व्यवसाय असलेल्या त्याच कातात. या घटकाचे दोन, तीन किंवा अधिक दुवे जोडले गेले की होणाऱ्या साखळीला प्रोसायनिडिन म्हणतात. अशा साखळ्यांच्या संपूर्ण वर्गाचे नाव प्रोअँथोसायनिडिन, आणि त्यांतल्या आखूड साखळ्यांना ‘ओपीसी’ या आद्याक्षरांनी ओळखले जाते. हे पदार्थ स्वतः रंगहीन असले तरी आम्लात उकळल्यावर लाल होतात, आणि केंब्रिजच्या बेट-स्मिथ यांनी १९५० च्या दशकात या साध्या कसोटीने अनेक वनस्पतींत त्यांचा शोध घेतला. साखळीतले दुवे नेमके कसे जुळलेले असतात याचा उलगडा मात्र पुढच्या दोन दशकांत, हायडेलबर्गमध्ये वाइंगेस आणि शेफील्डमध्ये हॅस्लम यांच्या कामातून झाला. म्हणजे या द्रव्यांचे औषध फ्रान्समध्ये विकले जाऊ लागले तेव्हा त्यांची रचना कोणालाच पुरती माहीत नव्हती.

हा उलटा क्रम या विषयाच्या इतिहासात पुन्हा पुन्हा दिसतो. द्राक्षबीज अर्काला प्रत्येक कालखंडात त्या काळची एखादी लोकप्रिय उपपत्ती आयती मिळाली, आणि माणसांवरची भक्कम चाचणी मात्र तिच्या कितीतरी मागून आली. पदार्थ तोच राहिला. तो कशासाठी घ्यायचा याचे उत्तर दर पंधरा-वीस वर्षांनी बदलले.

पहिली उपपत्ती जीवनसत्त्वाची होती. हंगेरीतल्या सेगेड येथे क जीवनसत्त्वावर काम करणारे आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांच्या असे ध्यानात आले, की काही रुग्णांच्या त्वचेखालचा रक्तस्राव शुद्ध क जीवनसत्त्वाने थांबत नाही, पण लिंबाच्या किंवा मिरचीच्या अशुद्ध अर्काने थांबतो. अर्कातला हा दुसरा घटक केशवाहिन्यांच्या, म्हणजे केसाहून बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींची पाझरण्याची प्रवृत्ती कमी करत असावा, असा तर्क करून त्यांनी आणि रुस्न्याक यांनी १९३६ मध्ये त्याला ‘पी जीवनसत्त्व’ म्हटले. पुढच्याच वर्षी सेंट-ग्यॉर्गी यांना नोबेल पारितोषिक मिळाले, आणि त्या प्रतिष्ठेचा काही भाग या नव्या जीवनसत्त्वालाही लाभला. परंतु त्याच्या अभावाने ठरावीक रोग होतो असे नंतरच्या प्रयोगांत सिद्ध झाले नाही, आणि १९५० मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या समितीने हे नाव सोडून देण्याची शिफारस केली. नाव गेले, पण काही वनस्पतिज द्रव्ये बारीक रक्तवाहिन्यांना बळकट करतात ही कल्पना युरोपातल्या औषधशाळांत टिकून राहिली.

तिला खरे स्थैर्य दिले ते बोर्दो विद्यापीठातल्या जाक मास्केलिए यांनी, आणि त्यांची सुरुवात द्राक्षापासून नव्हे तर शेंगदाण्यापासून झाली. पश्चिम आफ्रिकेतून, विशेषतः सेनेगलमधून, येणाऱ्या शेंगदाण्याचे तेल काढण्याचा मोठा धंदा बोर्दो बंदरात होता. तेल काढल्यावरची पेंड जनावरांना घातली जाई, आणि दाण्यावरच्या तांबूस फोलपटातला रंग अपायकारक तर नाही ना, असा प्रश्न युद्धानंतरच्या टंचाईच्या काळात महत्त्वाचा ठरला होता. प्राध्यापक फ्रान्सिस तायो यांच्या मार्गदर्शनाखाली मास्केलिए यांनी या फोलपटावर प्रबंध लिहिला, जो १९४८ मध्ये पूर्ण झाला. फोलपटातून त्यांनी वेगळे केलेले रंगहीन द्रव्य अपायकारक तर ठरले नाहीच, उलट प्रयोगातल्या प्राण्यांच्या केशवाहिन्या त्यामुळे अधिक चिवट झाल्याचे दिसले. गरोदरपणात पाय सुजलेल्या तायो यांच्या पत्नीला हा अर्क दिला असता दोन दिवसांत सूज उतरली, अशी एक कथा या शोधाच्या संदर्भात नेहमी सांगितली जाते. ती खरी मानली तरी एका रुग्णाच्या अनुभवाने काहीच सिद्ध होत नाही, आणि गरोदरपणातली सूज तशीही चढ-उतार करणारी असते. तथापि १९५० मध्ये या अर्कापासून केलेले ‘रेझिव्हिट’ हे रक्तवाहिन्यांसाठीचे औषध फ्रान्सच्या बाजारात आले.

शेंगदाण्याचे फोलपट हा काही मुबलक कच्चा माल नव्हता. मास्केलिए यांनी मग बोर्दोच्या दक्षिणेला लांद प्रदेशात पसरलेल्या सागरी पाइन वृक्षांच्या सालीकडे मोर्चा वळवला. या निवडीशी फ्रेंच दर्यावर्दी जाक कार्तिए यांच्या प्रवासवर्णनाचा संबंध जोडला जातो: १५३५-३६ च्या हिवाळ्यात आजच्या क्वेबेकजवळ बर्फात अडकलेल्या कार्तिए यांच्या ११० खलाशांपैकी २५ जण स्कर्व्हीने दगावले, आणि उरलेल्यांना दोमागाया या स्थानिक इरोक्वॉय माणसाने दाखवलेल्या ‘अनेद्दा’ नावाच्या झाडाच्या पानांच्या आणि सालीच्या काढ्याने वाचवले. ते झाड कोणते यावर वनस्पतितज्ज्ञांत आजही मतभेद आहेत. शिवाय स्कर्व्ही क जीवनसत्त्वाच्या अभावाने होतो, त्यामुळे या घटनेचे श्रेय सालीतल्या टॅनिनांना देणे हा बराच ओढूनताणून लावलेला अर्थ आहे. जाहिरातींत मात्र ही गोष्ट फार शोभून दिसली.

द्राक्षाच्या बिया यानंतर, १९७० च्या सुमारास आल्या. बोर्दोसारख्या मद्यप्रदेशात हा कच्चा माल अक्षरशः उकिरड्यावर पडलेला होता, आणि त्यातल्या प्रोसायनिडिनांचे प्रमाण सालीपेक्षा व फोलपटापेक्षा सरस होते. बियांच्या अर्काचे ‘एंडोटेलॉन’ हे औषध फ्रान्समध्ये पाय जड होणे, शिरांमधले रक्त नीट वर न चढणे, सूज येणे अशा तक्रारींसाठी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दिले जाऊ लागले. त्यामागची उपपत्ती कातडे कमावण्याच्या तत्त्वापासून फार दूर नव्हती: प्रोसायनिडिने रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या कोलॅजेनाला चिकटतात आणि त्याला झिजवणाऱ्या विकरांपासून त्याचे रक्षण करतात, असे मास्केलिए आणि त्यांचे सहकारी सांगत. परीक्षानळीत हे खरेही होते, आणि पुढे शिकागो येथील दंतवैद्यक संशोधकांनी दातातल्या कोलॅजेनाला बळकटी देण्यासाठी द्राक्षबीज अर्क वापरून पाहिला तो याच गुणधर्मामुळे. पण दातावर थेट लावलेला अर्क आणि गिळलेली गोळी यांत पचनसंस्थेचे मोठे अंतर असते. फ्रान्समधल्या तत्कालीन चाचण्या लहान होत्या आणि रुग्णाच्या स्वतःच्या सांगण्यावर बऱ्याच अवलंबून होत्या. अखेर फ्रेंच आरोग्य प्राधिकरणाने शिरांसाठीच्या अशा सर्व औषधांची उपयुक्तता अपुरी ठरवली आणि २००८ पासून सरकारी विम्यातून त्यांचा खर्च मिळणे बंद झाले. या औषधवर्गाच्या नंतरच्या समग्र परीक्षणांत पायांची सूज किंचित कमी होत असावी असे आढळले, तर जखमा भरून येण्यात फरक दिसला नाही. आणि त्या परीक्षणांतले बहुतेक पुरावे द्राक्षबीजाचे नसून इतर द्रव्यांचे आहेत.

युरोपातले हे औषध अमेरिकेत पोचले ते वेगळ्याच वेषात. डेनम हार्मन यांनी १९५६ मध्ये मांडलेल्या उपपत्तीनुसार शरीरातल्या ऑक्सिजनापासून तयार होणारे अतिक्रियाशील रेणू, म्हणजे मुक्त मूलके, पेशींची नासधूस करतात आणि वार्धक्य हा त्या नासधुशीचा साचत गेलेला परिणाम असतो. या मूलकांना निष्प्रभ करणारे पदार्थ ते अँटिऑक्सिडंट. मास्केलिए यांना १९८७ मध्ये मिळालेले अमेरिकन पेटंट नेमके याच गुणधर्माबद्दल होते. त्यानंतर दोन गोष्टी लागोपाठ घडल्या. नोव्हेंबर १९९१ मध्ये अमेरिकेतल्या ‘सिक्स्टी मिनिट्स’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमात, लोणी-चीज भरपूर खाऊनही फ्रेंच लोकांत हृदयविकार कमी का, या कोड्याचे उत्तर लाल मद्यात असावे असे सांगितले गेले. त्यात बोललेल्या सर्ज रेनो यांचा या विषयावरचा लेख पुढच्या वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये आला आणि अमेरिकेतला लाल मद्याचा खप एकदम वाढला. मग ऑक्टोबर १९९४ मध्ये पूरक आहाराविषयीचा असा कायदा झाला, की त्यानुसार असे पदार्थ विकण्याआधी त्यांची परिणामकारकता सरकारपुढे सिद्ध करण्याची गरज उरली नाही. मद्याचे गुण मद्याविना देणारी गोळी या बाजारात खपणार हे उघडच होते. लंडनच्या रॉजर कॉर्डर यांनी २००६ मध्ये ‘नेचर’मध्ये लिहिलेल्या टिपणाने या समजुतीला थोडे शास्त्रीय बळही दिले, कारण नैर्ऋत्य फ्रान्स आणि सार्डिनियातला नुओरो या दीर्घायुष्यासाठी प्रसिद्ध असलेल्या भागांतल्या मद्यांत प्रोसायनिडिनांचे प्रमाण इतर मद्यांपेक्षा जास्त असल्याचे त्यांना आढळले होते.

या पर्वातले सर्वांत गाजलेले प्रयोग ओमाहा येथील क्रेटन विद्यापीठात देबाशिष बागची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. क आणि ई जीवनसत्त्वांपेक्षा द्राक्षबीज अर्क मुक्त मूलकांना अधिक समर्थपणे आवरतो, असा त्यांचा १९९७ च्या सुमाराचा निष्कर्ष पुढे असंख्य डब्यांच्या वेष्टनांवर झळकला. भारतातही म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत जयप्रकाश आणि सहकाऱ्यांनी द्राक्षबीजांचे असेच अर्क तपासून २००१ मध्ये त्यांची अँटिऑक्सिडंट क्षमता नोंदवली. हे सर्व काम परीक्षानळीतले किंवा प्राण्यांवरचे होते, आणि तेवढ्या मर्यादेत त्यात वावगे काही नाही. अडचण उपपत्तीतच निघाली. फिनलंडमध्ये २९,००० हून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीत बीटा कॅरोटीन या अँटिऑक्सिडंटाने फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी वाढला, हे १९९४ मध्येच प्रसिद्ध झाले होते. आखूड साखळ्यांची प्रोसायनिडिने आतड्यातून रक्तात फार थोडी शिरतात, लांब साखळ्यांची जवळजवळ शिरतच नाहीत, आणि उरलेल्यांचे मोठ्या आतड्यातले जिवाणू तुकडे करून भलतीच लहान संयुगे बनवतात, हेही हळूहळू स्पष्ट झाले. परीक्षानळीत मोजलेल्या क्षमतेचा शरीरातल्या परिणामाशी संबंध लावता येत नाही आणि या आकड्यांचा जाहिरातीत दुरुपयोग होतो, असे कारण देऊन अमेरिकेच्या कृषी विभागाने २०१२ मध्ये खाद्यपदार्थांच्या अशा क्षमतेची आपली सूची संकेतस्थळावरून काढून टाकली.

माणसांवरच्या चाचण्यांत एकच धागा बऱ्यापैकी टिकला, तो रक्तदाबाचा. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस येथे कप्पागोडा आणि सहकाऱ्यांनी चयापचयाचे विकार एकत्र असलेल्या थोड्या रुग्णांना चार आठवडे रोज १५० किंवा ३०० मिलिग्रॅम अर्क दिला, तेव्हा निरौषध गोळी घेणाऱ्यांच्या तुलनेत त्यांचा रक्तदाब उतरला. हे काम २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र अनेक चाचण्यांची गोळाबेरीज केल्यावर चित्र इतके ठळक राहिले नाही. २०११ च्या विश्लेषणात नऊ चाचण्यांतल्या ३९० व्यक्तींचा वरचा रक्तदाब सरासरी केवळ १.५४ मिलिमीटरने कमी झाला होता, तर खालच्या रक्तदाबावर आणि रक्तातल्या मेदावर परिणाम आढळला नाही. २०१६ मध्ये १६ चाचण्यांतल्या ८१० जणांची माहिती एकत्र केल्यावर घट सहा मिलिमीटरपर्यंत गेली, पण ती मुख्यतः तरुण आणि लठ्ठ व्यक्तींत होती. यापेक्षा उद्बोधक, आणि विक्रेते सहसा ज्याचा उल्लेख टाळतात असा, निष्कर्ष पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पर्थचा आहे. तिथे आधीपासून रक्तदाबाची औषधे घेणाऱ्या ६९ रुग्णांना सहा आठवडे ५०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व, १,००० मिलिग्रॅम द्राक्षबीजातली फिनॉल द्रव्ये, दोन्ही किंवा निरौषध गोळी देण्यात आली; दोन्ही एकत्र घेणाऱ्यांचा वरचा रक्तदाब सुमारे पाच मिलिमीटरने वाढला. क जीवनसत्त्वाच्या जोडीला द्राक्षबीज असलेल्या गोळ्या त्या काळी पौष्टिक म्हणून विकल्या जातच होत्या.

कर्करोगाच्या क्षेत्रात परीक्षानळी आणि माणूस यांतले अंतर अधिकच दिसून आले. केंटकीमधल्या संशोधकांनी २००९ मध्ये रक्ताच्या कर्करोगाच्या पेशी या अर्काने मरतात असे दाखवले, कोलोरॅडोत आतड्याच्या आणि प्रॉस्टेटच्या कर्करोगावर उंदरांत आशादायक परिणाम मिळाले, आणि वृत्तपत्रांनी दोन्हींना मोठे मथळे दिले. त्याआधीच, २००६ मध्ये, इंग्लंडमधली एक साधी पण काटेकोर चाचणी प्रसिद्ध झाली होती. स्तनाच्या कर्करोगासाठी किरणोपचार घेतल्यानंतर ज्यांच्या स्तनात कठीण गाठीसारखा भाग तयार झाला होता अशा ६६ स्त्रियांपैकी काहींना सहा महिने रोज तीन वेळा १०० मिलिग्रॅम अर्क आणि काहींना निरौषध गोळी दिली गेली. वर्षभरानंतर तो कठीण भाग निम्म्याने किंवा त्याहून अधिक घटलेल्या स्त्रियांचे प्रमाण अर्क घेणाऱ्यांत २९.५ टक्के, तर निरौषध गोळी घेणाऱ्यांत २७ टक्के होते. तुलनेचा गट नसता तर जवळपास प्रत्येक तिसरी स्त्री अर्काने सुधारली, असेच लिहिले गेले असते.

संशोधनाच्या विश्वासार्हतेला इतर बाजूंनीही धक्के बसले. कनेक्टिकट विद्यापीठातले दीपक दास यांची कीर्ती मुख्यतः द्राक्षाच्या सालीतल्या रेझव्हेराट्रॉलवरच्या कामामुळे होती, पण द्राक्षबीजातली प्रोसायनिडिने हृदयाचे रक्षण करतात असे सांगणारे लेखही त्यांच्या नावावर होते. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या १४५ नोंदींत बनावट किंवा फेरफार असल्याचा निष्कर्ष विद्यापीठाने जानेवारी २०१२ मध्ये जाहीर केला. दास यांनी आरोप नाकारले आणि पुढच्या वर्षी त्यांचे निधन झाले. २०१२ मध्येच युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने द्राक्षबीज अर्काने शरीरात साचलेले पाणी उतरते हा दावा पुराव्याअभावी अमान्य केला, म्हणजे मास्केलिए यांच्या मूळ दाव्याचाच एक वंशज निकालात निघाला. तीन वर्षांनी अमेरिकेत बाजारातल्या २१ उत्पादनांची रासायनिक तपासणी झाली तेव्हा सहांमध्ये द्राक्षबीज जवळजवळ नव्हतेच, शेंगदाण्याच्या फोलपटाचा अर्क होता. द्राक्षबीजातल्या साखळ्यांचे दुवे एकेरी बंधाने जोडलेले असतात, तर शेंगदाण्यातल्या अनेक साखळ्यांत दुहेरी बंध असतो, म्हणून ही भेसळ पकडता आली. केवळ एकूण फिनॉल मोजणाऱ्या स्वस्त चाचणीला ती कळत नाही. शेंगदाण्याची प्राणघातक ॲलर्जी असणाऱ्यांची संख्या पाश्चात्त्य देशांत बरीच असल्याने हा नुसता व्यापारी लबाडीचा मामला नव्हता.

महाराष्ट्र हा भारतातला सर्वांत मोठा द्राक्ष उत्पादक असूनही या इतिहासात त्याचा वाटा अगदी थोडा आहे, आणि त्याचे कारण सरळ आहे: नाशिक-सांगलीकडच्या बागांत थॉमसन सीडलेस, तास-ए-गणेश, सोनाका अशी बिनबियांचीच वाणे प्रामुख्याने लावली जातात. आयुर्वेदातली द्राक्षारिष्ट, द्राक्षासव ही औषधेही फळाची किंवा मनुकांची आहेत, बियांना त्यांत स्वतंत्र स्थान नाही. त्यामुळे द्राक्षबीज अर्काला प्राचीन भारतीय वारसा चिकटवणाऱ्या जाहिरातींना आधार सापडत नाही. राज्याने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणल्यावर मद्यनिर्मितीची, म्हणजेच बियांच्या वाणांची लागवड वाढली, आणि पुण्याजवळच्या मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने ‘मांजरी मेडिका’ हे रसासाठीचे गडद रंगाचे वाण काढून चोथ्याचाही उपयोग खाद्यपदार्थांत करण्याचे प्रयत्न सुरू केले. बोर्दोचा जुना प्रश्न अशा रीतीने इथेही आला आहे, आणि चोथ्यातून पैसा निघतो की नाही हे पाहणे शेतकऱ्याच्या दृष्टीने अगदी योग्यच आहे.

दरम्यान अर्काला आणखी एक उपपत्ती मिळाली. वय वाढते तशा काही पेशी विभाजन थांबवतात पण मरत नाहीत, आणि आजूबाजूला दाह पसरवणारी द्रव्ये सोडत राहतात. अशा जराग्रस्त पेशी निवडून मारणाऱ्या औषधांचा शोध सध्या जोरात आहे. शांघायच्या संशोधकांनी ४६ नैसर्गिक पदार्थ तपासून त्यांतला द्राक्षबीज अर्क वेगळा काढला आणि त्यातल्या ‘प्रोसायनिडिन सी१’ या तीन दुव्यांच्या साखळीमुळे दोन वर्षांहून अधिक वयाच्या उंदरांचे एकूण सरासरी आयुष्य सुमारे नऊ टक्क्यांनी वाढल्याचे २०२१ मध्ये ‘नेचर मेटाबॉलिझम’मध्ये प्रसिद्ध केले. थोड्याच काळात सी१ चे नाव मिरवणाऱ्या कुप्या बाजारात आल्या. त्या प्रयोगातल्या उंदरांना मात्र हे द्रव्य शुद्ध स्वरूपात, पोटाच्या पोकळीत टोचून दिलेले होते. बीच्या अर्कात अनेक साखळ्यांच्या मिश्रणातला तो एक लहानसा अंश असतो आणि गिळल्यावर त्यातला किती रक्तापर्यंत पोचतो, या प्रश्नापासूनच माणसांवरच्या चाचणीला सुरुवात करावी लागेल.